ब्रेकवरचा पाय

आज सकाळी पिंपळनेरच्या आमच्या अंगणात ब्रेक ऑइलचा तो उग्र वास पसरला आणि माझा उजवा घोटा आपोआप आखडला.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात याच अंगणात मी नवऱ्याच्या जीपमध्ये ब्रेकवर पाय ठेवून बसले होते. तो चाकाशी आडवा पडून ब्रेकमधली हवा काढत होता. त्याने "धर" म्हटलं की मी पेडल दाबून धरायचं. मग तो पान्याने चाकामागचं हवा काढायचं निपल उघडायचा आणि बुडबुड्यांसकट तेल नळीतून बाटलीत यायचं. निपल बंद करून तो "सोड" म्हणाला की मगच पाय उचलायचा. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू गेल्याचा वास आला, आणि त्याने सांगायच्या आत माझा पाय उचलला गेला. हवा परत आत शिरली.

तो उठला, जीपचं दार उघडलं आणि त्याच पान्याने माझ्या घोट्यावर हाणलं. एकदा नाही. दुखण्याआधी मला हाडाचा आवाज ऐकू आला. हळद लावताना सासूबाई म्हणाल्या, "घाटमा गाडी चालाडस तो. राग येईच ना." पुढे कितीतरी वर्षं मीही तेच म्हणत आले.

आज चाकाशी माझा मुलगा होता, ब्रेकवर सून. आत नातू रडला आणि तिने पाय उचलला. मी डोळे गच्च मिटले.

"ऱ्हाऊ दे," तो खालूनच म्हणाला. "पोराले उचली लई ये आधी, मंग परत दाब."

त्यांनी परत हवा काढली. तेवढ्या वेळात माझ्या हातातला चहासुद्धा निवला नव्हता.