अंबादासचं विरजण

त्या सकाळी नळाला पाणी आलं होतं. आमच्या गल्लीत पाणी आलं की कुणी कुणाशी बोलत नाही, ज्याचं त्याचं लक्ष आपल्या पिंपात. म्हणून शेजारच्या अंबादासची सून श्रीदेवी दारात येऊन उभी राहिली तेव्हा मला वाटलं, हिची मोटर बंद पडली असणार, आता आपली मागणार. मी पाइप सोडला नाही. ती म्हणाली, "काका, मामा उठंनात." मी म्हटलं, "पाणी आल्यावर तो झोपत नसतो. नीट बघ जा." ती दारातून हलली नाही. मग मी पाइप टाकला. आमच्या दोन घरांत एकच भिंत, पण तिथवर जाईपर्यंतसुद्धा माझा विश्वास बसला नव्हता. अंबादास नाटक्या माणूस. खाटेवर पडलेला बघूनही मी दोन हाका मारल्या. मग कोपऱ्यातल्या माशांच्या पेटीकडे नजर गेली. पंप चालू होता, बुडबुडे वर येत होते, आणि सगळे गप्पी मासे काचेला तोंड लावून खाणं मागत होते. त्यांना खाणं टाकल्याशिवाय तो चहाला शिवत नसे. तेव्हा मला कळलं.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, लिहिणं माझं काम नव्हे. पण अंबादासबद्दल दुसरं कुणी लिहिणार नाही, आणि लिहिलंच तर गोडगोड खोटं लिहील, म्हणून मी लिहितो. मूळचा मी मंगळवेढ्याकडचा. सोलापुरात आलो आणि एका चादरीच्या कारखान्याच्या गेटवर उभा राहिलो तो म्हातारा होईपर्यंत. सुटी झाली की बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उघडायची, सूत चाललं नाही ना बघायचं. माणसाच्या आधी त्याच्या पिशवीकडे बघायची सवय लागली. ती अजून गेलेली नाही, आणि जायला पाहिजे असं मला वाटतही नाही. अंबादास तिथंच मागावर होता. घरात तेलुगू बोलणारा, पण मराठीत आम्हाला ऐकणार नाही असा. बाकीचे विणकर माझ्यावर चिडायचे. हा मात्र लांबूनच पिशवी उलटी करून झटकत यायचा आणि सगळ्यांसमोर ओरडायचा, "तपास वॉचमन, तपास! भाकरीत गुंडाळून सूत न्हेतोय!" मी भाकरी उलगडून बघितली. सगळे हसले, मी हसलो नाही. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्यासाठी एक भाकरी जास्त आणली. मी तीही आधी उलगडून बघितली, मग खाल्ली.

कारखान्याची नोकरी सुटल्यावर बसून काय करायचं म्हणून त्याने काचेची पेटी आणली. पहिल्याच संध्याकाळी नळाचं ताजं पाणी भरून त्यात मासे सोडले, आणि ते सगळे मेले. मला वाटलं, सुटलो. पण ह्याने पेटी परत भरली, पंप लावला, आणि कितीतरी दिवस एक मासा आणला नाही. रोज सकाळी रिकाम्या पाण्यात चिमूटभर खाणं मात्र टाकायचा. दुकानवाल्याने ह्याला चांगला बनवलाय, ही माझी खात्री झाली.

"मासे कुटं हायत?"

"येतील की."

"मग ही चिमूट कुणाला?"

"पाण्याला. ए वॉचमन, लोणचं घातल्या घातल्या खातोस व्हय? मुरू दे की."

त्याचं म्हणणं असं की, माशाची घाण माशालाच विष होते. ती घाण खाणारे बारीक जीव पाण्यात तयार व्हावे लागतात. ते पंपाला लावलेल्या स्पंजात आणि खाली अंथरलेल्या खड्यांत घर करतात, आणि त्यांना वेळ लागतो; ती चिमूट त्यांच्यासाठीच. डोळ्यांना ते दिसत नाहीत. मी म्हटलं, "दिसत न्हाईत आन हायत? असलं मी गेटावर लई ऐकलंय." तो हसला. म्हणाला, "आन आपल्याकडं पानी पिंपात चार दिवस पडूनच असतंय, नळाच्या पान्यातल्या ब्लीचिंग पावडरचा वास आपोआप उडतोय. सोलापूरच्या माशाला तोटा न्हाई बघ." त्यानंतर आणलेले मासे जगले. उन्हाळ्यात तो काचेवर ओला टॉवेल टाकायचा, तरीही मला वाटायचं की मेलेले मासे हा गुपचूप बदलत असणार. मी शेपट्यांचे रंग ध्यानात ठेवायला लागलो. रंग तेच निघायचे.

माझी बायको गेली त्या वर्षी त्याने न विचारता एक लहान पेटी माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी विचारलं, "हिला गळती हाय का? म्हणून मला देतोयस?" तो सरळ कामाला लागला. उन्हाची खिडकी सोडून पेटी आतल्या भिंतीला सरकवली, खाली थर्माकोल घातला. घमेल्यात खडे इतके धुतले की पाणी नितळ झालं. खडे उसळू नयेत म्हणून मध्ये ताटली ठेवून तिच्यावर हळूहळू पिंपातलं पाणी ओतलं. इथवर सगळं ठीक होतं. मग घरी जाऊन एक पिशवी घेऊन आला आणि माझ्या नाकापुढे धरली. "तपास." आत त्याच्या पेटीतला काळपट, ओला स्पंज. त्याने तो माझ्या नितळ पाण्यावर धरून पिळायला घेतला तसं मी त्याचं मनगट धरलं.

"तुझ्या घरची घाण माझ्या पेटीत टाकतोस?"

"घाण न्हवं रे. विरजण हाय. माझं मुरलेलं तुला लावतोय, तुला थांबायला लागू नये म्हणून."

पाणी गढूळ झालं. दुसऱ्या दिवशी निवळलं. मग त्याने एकच नियम सांगितला, स्पंज नळाखाली धुवायचा नाही, पेटीतलं पाणी बादलीत काढून त्यातच पिळायचा. आणि रोज दुपारी तो पेटी बघायला यायला लागला. "तू मला जन्मभर तपासलंस. आता माझी पाळी." हा चहासाठी येतोय हे मी ओळखून होतो. नंतर कळलं की तो घरी चहा पिऊनच निघायचा.

तो गेल्यावर त्याचं सुतक फिटलं आणि दोन दिवसांत त्याच्या पेटीतले सगळे मासे उलटे तरंगले. मी बघायला गेलो. काच लखलखत होती, खडे पांढरे झाले होते. मागच्या दोरीवर स्पंज वाळत होता, दुकानातून आणल्यासारखा. श्रीदेवीला त्या पंपाची घरघर आवडत नव्हती, फरशीवर सांडलेल्या पाण्यावरून ती बोलायची, हे मी भिंतीपलीकडून ऐकलेलं होतं. मी सरळ विचारलं, "मुद्दाम केलंस?" तिचा नवरा टेंभुर्णीला नोकरीला, घरात ती एकटीच होती. ती म्हणाली, "काका, सुतकाचं पानी ओतून घर धुवायचं असतंय की. सगळं घर धुतलं, पिंपं ओतली. मामांचीच पेटी तेवढी मळकी कशी ठिवायची? सोडा लावून घासली. नळ आलता, ताजं पानी भरलं..." रडली. रडणारी माणसं गेटवर मी पुष्कळ बघितली होती. मी घरी आलो.

थोड्या दिवसांनी ती तो पांढरा स्पंज घेऊन दारात आली. "मामा म्हनायचे, विरजण काकांकडं बी हाय. थोडं द्याल?" मी नाही म्हटलं. अंबादासचं जे काही उरलं होतं ते माझ्या पेटीत होतं. ते हिच्या हाती देऊन परत सोडा लागला तर? आणि ह्या ओढाताणीत माझीही पेटी बिघडली तर? मग दोन्हीकडचं संपलं. "पेटी इकायची असंल तुला," असंही मी बोललो. ती गेली.

मी लक्ष ठेवलं. विळी मागायला जा, पेपर मागायला जा, असं करून बघून यायचो. पेटी तिने विकली नाही. पिंपातलं शिळं पाणी भरलं होतं, पंप लावला होता. एका सकाळी गेलो तर तिचा चहा ओट्यावर निवत होता आणि ती पेटीपुढे उभी होती. आत एक मासा नाही. तिने डबी उघडली, चिमूटभर खाणं रिकाम्या पाण्यात टाकलं, आणि मग कप उचलला. तिने मला बघितलं नव्हतं. ते मी दोनदा पडताळलं...

त्याच दुपारी मी माझ्या पेटीतला स्पंज पिशवीत घातला आणि तिच्यापुढे धरला. "तपास." तिने पिशवीत डोकावून वास घेतला. म्हणाली, "मामांच्या हाताला ह्योच वास यायचा." मग मी पिळला. तिचं पाणी तपकिरी झालं, आणि ती मनगट धरायला आली नाही.

अजून मी तिला मासे आणू देत नाही. "विरजण लागलं की, काका," म्हणते. मुरू दे म्हणतो. रोज दुपारी मला शंका येते की पलीकडचा पंप बंद पडलाय. मी माझा पंप जरा थांबवून भिंतीला कान लावतो. घरघर चालू असते. तरी मी चपला घालतो आणि बघून येतो.