मित्रत्वाचा सल्ला

आमच्या ट्रीटी मॅडमना राग यायचा तो सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसांचा. आणि असा यायचा, जणू ती माणसं आज सकाळीच कामठीच्या शेअर ऑटोत त्यांच्या पायावर पाय देऊन बसली होती. त्या इतिहास शिकवायच्या; ट्रीटी म्हणजे तह, त्यावरून आम्हीच ठेवलेलं ते नाव. शाळा इंग्रजी माध्यमाची, वर्गात मराठीला मनाई. मॅडम धडा इंग्रजीतच सुरू करायच्या. पण एखाद्या तहाचं कलम आलं की चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या, आणि मग थेट, "आता सांगा, काय करून राहिले हे लोक?"

सगळ्यात जास्त राग १८९५चा. जपानने चीनला हरवलं आणि तहात लिआओतुंग नावाचा किनाऱ्याचा तुकडा मिळवला. लगेच रशिया, जर्मनी आणि फ्रान्सचे राजदूत टोकियोत हजर. तिघांच्या पत्रांचा अर्थ एकच : शांततेसाठी तो तुकडा परत करा, हा आमचा मित्रत्वाचा सल्ला. मागे समुद्रात युद्धनौका. जपानने मुकाट परत केला. तीन वर्षांत तोच तुकडा रशियाने चीनकडून भाडेपट्ट्याने लिहून घेतला.

"अरे, धमकी द्यायची तर धमकी म्हणून द्या ना," मॅडम खडू आपटायच्या. "दोस्ती काहून मधात आणता?"

माझ्या मैत्रिणीने एकदा "बिचारा जपान" म्हटलं, तर तिलाही झापलं. "बिचारा? हे युद्ध झालंच मुळात कोरिया कोणाच्या मुठीत राहील त्यासाठी. पंधरा वर्षांत ह्याच बिचाऱ्याने तो गिळला." त्यांच्या प्रत्येक चाचणीत पहिला प्रश्न ठरलेला असे : या तहाच्या बैठकीला कोणाला बोलावलं नव्हतं? गाइडात याचं उत्तर नसायचं. पालक चिडायचे.

आम्ही नववीत असताना त्यांनी तो तह वर्गात उभा केला. जपान झाला तो आमच्या एका ट्रस्टींचा मुलगा. एक खुर्ची म्हणजे लिआओतुंग, तिच्यावर तो ऐटीत बसला. समोर तीन मुलं म्हणजे तीन महासत्ता. मला दाराजवळ उभं केलं. मी कोरिया.

"मॅडम, हिचे डायलॉग?" कोणीतरी विचारलं.

"नाहीत. तिला कोणी विचारलंच नाही."

मला हायसं वाटलं. वर्गात बोलायची वेळ आली की मी पुढच्या मुलीच्या पाठीमागे लपायचे.

जपान खुर्ची सोडेना. "हम जीते हैं, मॅडम! वापस काहेका?"

"दे ना बे," रशिया म्हणाला. "दोस्ती में बोल रहे."

सगळा वर्ग हसला. जपान लाल झाला, उठला, त्याने खुर्चीला लाथ मारली आणि तिच्याच पायात अडकून पडला. बेंचचा कोपरा कपाळाला लागला. मॅडम फळ्यापाशी होत्या, चांगल्या पाच पावलं लांब. बाकीची मुलं जागा सोडून गर्दी करून उभी होती. दारातून मला मात्र सगळं स्वच्छ दिसलं.

त्याने घरी सांगितलं, मॅडमनी ढकललं.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. प्रिन्सिपल, त्या मुलाचे ट्रस्टी वडील आणि पालक समितीचे एक काका, असे तिघे बसले होते. मॅडम भिंतीशी उभ्या. ट्रस्टी गोड आवाजात म्हणाले, "बेटा, घाबरू नको. तुझी पुढच्या वर्षी दहावी आहे ना? काय पाहिलंस ते सांग."

दहावीचा तिथे काय संबंध होता? तेव्हाही कळलं होतं मला. मी म्हटलं, "मला नीट दिसलं नाही."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर आले. दार पुरतं लागलं नव्हतं. आतून प्रिन्सिपलचा आवाज आला, "मॅडम, एक मित्र म्हणून सांगतो. तुम्ही स्वतःहून राजीनामा दिलात तर तुमच्याच भल्याचं आहे." शनिवारी मॅडम शाळा सोडून गेल्या.

त्या तिघांचा मला आजही संताप येतो. बातम्यांत मोठ्या देशांचे पुढारी युद्धानंतर तिसऱ्याच्या जमिनीबद्दल हसत हात मिळवताना दिसले की मी टीव्ही बंद करते. पण स्वतःवरचा राग कशानेच बंद होत नाही. मला दिसलं होतं.

सहा वर्षांनी, या उन्हाळ्यात, पत्ता शोधून मी कामठीला गेले. मॅडम ओट्यावर पोरांची शिकवणी घेत होत्या. केस बरेच पिकलेले. शेजारच्या घरातले माग खडखडत होते, त्यामुळे मला माफी दोनदा मागावी लागली.

"त्या माफीचं मी काय करू?" त्या म्हणाल्या. "आईचं ऑपरेशन होतं तेव्हा, धंतोलीच्या दवाखान्यात. भांडायले ताकद नव्हती, म्हणून राजीनाम्यावर सही केली. आता लकडगंजच्या एका शाळेत जागा आहे. मुलाखत चांगली झाली. पण सगळ्या शाळा तुमच्या शाळेत फोन लावतात, अन् तिकडून सांगतात, बाई पोरांवर हात उचलते. ही चौथी शाळा आहे." मग एका पोराच्या वहीतून त्यांनी कोरा कागद मागून घेतला. "माफी नको. लिहून दे."

मी लिहायला बसले. मराठीत एवढं सलग कधी लिहिलं नव्हतं. अर्धं पान व्हायला तास लागला. मॅडमनी चष्मा लावून वाचलं. एका ओळीवर थांबल्या. मी लिहिलं होतं, ‘मला वाटतं, तो पडला तेव्हा मॅडम फळ्याजवळ होत्या.’

त्यांनी पहिल्या दोन शब्दांवर काट मारली, इतकी दाबून की कागद फाटला.

"तुले वाटलं नाही वं. तू पाहिलं." दुसरा कागद माझ्यापुढे सरकवला. "पुन्हा लिही. अन् खाली पूर्ण नाव टाक."