पाणघोड्याला अभिषेक

गवत खाऊन जगणाऱ्या एखाद्या जनावराच्या पाठीवर लाल थेंब फुटलेले दिसले, तर तुम्ही आधी काय शोधाल? पाण्याची घागर, की फोडायला नारळ? उत्तराची घाई करू नका. आमच्या नाशकाने त्या चैत्रात नारळच शोधला होता, आणि नाशिक काही अडाण्यांचं गाव नव्हे.

मी मॅट्रिकची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होते. घराच्या पुढच्या खोलीत वडिलांचा छोटा छापखाना होता. दारू, बालविवाह, विटाळ, परदेशी कापड, ज्याला ज्याच्याविरुद्ध बोलायचं असेल तो आमच्या ओट्यावर मजकूर घेऊन येई. बिघडलेल्या प्रतींत आई शेंगदाणे बांधून देई. त्यामुळे मी लहानपणापासून खाण्याआधी पुडी वाचत आले, आणि अर्धे शेंगदाणे रागाच्या भरातच चावले.

त्या उन्हाळ्यात नदीकाठच्या मैदानात सर्कशीचा तंबू लागला. पाणघोडा नाशिक रोडला मालगाडीतून उतरला आणि पिंजऱ्यासकट बैलगाड्यावरून शहरात आला. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं दाटली होती. माझ्याशेजारी घोटीकडचे दोन शेतकरी उभे होते. एकाने विचारलं, "ह्यो रेडा हाय का डुक्कर?" दुसरा शांतपणे म्हणाला, "दोघांचा सासरा हाय."

खरं तर ती कोवळ्या वयाची मादी होती. पहिल्या दिवशी तिचा लोखंडी हौद भरलेला होता. कातडी पखालीतून पाणी आणून आमच्या अंगणातले रांजण भरणारे पखालवाले चाचाच तिलाही पाणी घालत. ती हौदात उतरली की एवढं मोठं धूड दिसेनासं होई. डोळे, कान आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या अंगाला एका ओळीत, म्हणून सारं शरीर बुडवूनही तिला पाहता, ऐकता, श्वास घेता येई. बुडी मारताना नाकपुड्या आपोआप मिटत. मला वाटलं होतं ती पोहते. पण आमच्या शास्त्राच्या मास्तरांनी दिलेल्या जाडजूड इंग्रजी पुस्तकात लिहिलं होतं की पाणघोडा पोहत नाही, नदीच्या तळावरून चालतो. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते प्रकरण संपवलं, आणि रोज तिला पाहायला जाऊ लागले.

मग हौदाचा सांधा गळू लागला. तो दुरुस्तीला गेला आणि ती उन्हात उभी राहिली. दुपारपर्यंत तिच्या पाठीवर लाल थेंब चमकू लागले. घाटावरून पूजेचं तबक घेऊन परतणाऱ्या एका बाईने ते पाहिले आणि हात जोडले. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. गंगेचं वाहन मकर, आणि मकर कोणी पाहिलेला नाही. तेव्हा हा मकर नव्हे असं कोण सांगणार? संध्याकाळपर्यंत पिंजऱ्यापुढे फुलं, नारळ आणि नाणी पडली होती. वाहनाच्या अंगातून कुंकू पाझरतंय, ही बातमी पार पेठ गावापर्यंत गेली.

मालक परमुलखातला होता, पण माणसं ओळखणं हाच त्याचा धंदा होता. हौद दुरुस्त होऊन आला, तरी त्याने तो भरला नाही. अंग जितकं कोरडं, तितका लाल रंग जास्त, आणि तितके नारळ जास्त. आमच्या अंगणात पखाल रिकामी करताना चाचा म्हणाले, "मालकानं पाणी बंद केलंय, बेटी. जनावर सुकतंय."

मी धावत गेले. तिच्या मानेवरची कातडी आटलेल्या तळ्यासारखी तडकली होती. बांबूच्या टोकाला पांढरा रुमाल बांधून मी तो गजांतून तिच्या पाठीवर टेकवला. रुमालावर आधी नुसता ओलावा दिसला. पाहता पाहता तो गुलाबी झाला, मग लाल, आणि काही वेळाने तपकिरी. रक्त असं वागत नाही. तो तिच्या कातडीतून पाझरणारा लेप होता, उन्हापासून वाचण्यासाठी निसर्गाने दिलेला. पण लेप म्हणजे पाणी नव्हे. तिने जबडा फाकवला की लोक म्हणत, वाहन आशीर्वाद देतंय, आणि आत पेढे टाकत. पाणघोड्याची ती जांभई म्हणजे धमकी असते. ती बिचारी सगळ्यांना सांगत होती, दूर व्हा.

मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. 'हे कुंकू नव्हे, रक्तही नव्हे.' वडिलांनी ते पिवळ्या कागदावर छापून दिलं आणि मी फाटकाशी उभी राहिले. लोकांनी पत्रक अगदी आदराने घेतलं आणि त्यात प्रसाद बांधून नेला.

घरी येऊन मी भडकले. आई वाती वळत होती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गंगेचं वाहन म्हणतात ना? मग त्याला कोरडं कसं ठेवतात? या दिवसांत महादेवालाही आपण गळती लावतो."

गळती म्हणजे पिंडीवर टांगलेलं बुडाला भोक असलेलं तांब्याचं भांडं. उन्हाळाभर त्यातून देवावर पाण्याची धार धरलेली असते.

"पण ते वाहन नाहीच, आई. मी खोटं छापणार नाही."

"तू नको छापूस. मी फक्त विचारणार आहे."

चैत्रगौरीची हळदीकुंकवं अजून चालू होती. आईने डाळपन्हं घेता घेता घरोघर तोच एक प्रश्न विचारला. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात बायकांची रांग लागली. कोणाच्या कडेवर घागर, कोणाच्या हातात कलश.

मालक आडवा आला. पाण्याने कुंकू वाहून जाईल, देवीचा कोप होईल, असं काहीबाही सांगू लागला. आईने पदर सावरला. "मालक, गंगेच्या वाहनाला पाणी चालत नाही, हे तुम्हाला कुठल्या गंगेनं सांगितलं?"

बायका हसल्या. वाहन नाही म्हणावं तर नारळ बंद, आणि आहे म्हणावं तर पाणी घालू द्यायला हवं. मालक बाजूला झाला.

पहिली घागर पाठीवर पडली तेव्हा तिचे कान भिंगरीसारखे फिरले. कोणीतरी खरोखरच तंबूच्या खांबाला गळती टांगली, आणि ती त्या बारीक धारेखाली डोळे मिटून उभी राहिली. मला पत्रकं, तत्त्वं सगळं विसरून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि मी वाजवल्या. पण घागरींनी हौद भरेना. आईने चाचांना हाक मारली. पखालीचं पाणी अभिषेकाला कसं चालेल, असं एक बाई पुटपुटली. आई म्हणाली, "ती पाण्याला जात विचारते का, ते बघू आधी." जनावराने विचारली नाही. त्या विषयावर आमच्याकडे मोठं पत्रक छापलं होतं आणि ते वाचून माणसं भांडली होती. इथे तीच माणसं हसली आणि त्यांनी चाचांना वाट करून दिली.

हौद भरला. ती उतरली आणि तळाशी गेली. बराच वेळ काहीच दिसेना. मग फुस्स करून नाकपुड्या वर आल्या आणि पुढच्या रांगेवर तुषार उडाले. त्यानंतर ती वळली, आमच्याकडे पाठ केली आणि आखूड शेपटी पंख्यासारखी फिरवत शेण चौफेर उडवलं. नारळांवर, फुलांवर, आणि मालकाच्या इस्त्रीच्या कोटावर. पाणघोडे अशीच आपली जागा जाहीर करतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण असभ्य वाटून पत्रकातून गाळलं होतं. मी ते तिथल्या तिथे मोठ्याने सांगितलं. सगळं मैदान हसत होतं, आणि माझं पहिल्यांदाच कोणी ऐकत होतं.

चार दिवसांत कातडीच्या भेगा मऊ झाल्या. मालकाने 'जलक्रीडा' अशी पाटी लावली आणि गर्दी आणखी वाढली. मी दुसरं पत्रक काढलं, त्यात शेणही घातलं. समोर जनावर आणि हातात कागद, असं लोक जुळवून वाचत. आई अजून तिला वाहनच म्हणते. मी दर वेळी नाही म्हणते. मग आम्ही दोघी चहा घेतो.

तुमच्या गावात यंदा सर्कस आली, तर तिकीट काढण्याआधी मालकाला जनावरांचा हौद दाखवायला सांगा. तो कोरडा असेल तर घरी जाऊन घागर घेऊन या, आणि येताना शेजारणीलाही हाक मारा. तुम्ही पाणी कशासाठी घालता ते मी विचारणार नाही. मनात काहीही असू द्या, पण घाला.