गाण्याचा मधला तुकडा

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, गाणी कापून पोट भरतात. ही थट्टा नाही. कॉलेजच्या मुलामुलींसाठी दिवसभर गाणी लावणारी एक टीव्ही वाहिनी आहे, तिथे ते अकरा वर्षं संकलक आहेत. वाहिनीची पक्की समजूत अशी, की कॉलेजातलं पोर तीन मिनिटं वीस सेकंदांपुढे एक गाणं बघत नाही, रिमोट उचलतं. म्हणून येणारं प्रत्येक गाणं तीन-वीसच्या मापात बसवायचं. तिथली बाकीची माणसं पंचविशीच्या आतबाहेर, भावोजी त्रेपन्न. मापात बसवतो तो शिंपी, या हिशेबाने ऑफिसात सगळे त्यांना शिंपीकाका म्हणतात. भावोजींना ते नाव आवडतं, ताईला मुळीच नाही.

मी एकदा त्यांचं काम शेजारी बसून पाहिलं आहे. बिनखिडकीची खोली, दोन पडदे, ताईने शिवलेली उशी ठेवलेली खुर्ची. गाण्याचा आवाज पडद्यावर हिरव्या रेघांनी आडवा पसरलेला दिसतो. माणूस गातो तिथे रेघा उंच आणि दाट, नुसती वाद्यं वाजतात तिथे बुटक्या. भावोजी रेघा बघतात, गाणं ऐकत नाहीत. बुटक्या रेघांचा मधला पट्टा शोधायचा, दोन्ही टोकांना खुणा करायच्या, पट्टा उडवायचा, उरलेली टोकं ठेक्यावर जुळवायची. मग सांध्याच्या अलीकडची दोन आणि पलीकडची दोन सेकंदं तेवढी ऐकायची. सांधा कळला नाही की गाणं हातावेगळं. अशी दिवसाला पंचवीस-सव्वीस.

"सगळी ऐकत बसलो तर आजचं काम निवृत्तीपर्यंत पुरेल," ते मला म्हणाले होते. घरी मॅचसुद्धा ते आवाज बंद करून बघतात. ताई म्हणते, लग्नानंतर पहिली दोन वर्षं माझं ऐकायचे, मग मलाही बंद केलं.

त्यांचा एकुलता एक मुलगा व्हायोलिन वाजवतो. आठव्या वर्षापासून शिकतोय. लहान होता तेव्हा भावोजीच त्याला स्कूटरवरून शिकवणीला न्यायचे आणि बाहेर बाकावर पेपर वाचत बसायचे. कॉलेजात गेल्यावर त्याने तीन मित्रांबरोबर बँड काढला. तेव्हा भावोजी जेवताजेवता बोलून गेले, "गाणाऱ्याला लोक ओळखतात रे. मागे वाजवणाऱ्याकडे कोण बघतं?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. रोज जे बघत होते ते त्यांनी सांगितलं. पण पोराच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून व्हायोलिन घरात वाजलं नाही. सराव सगळा मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत.

पुढे त्याच वाहिनीने कॉलेजच्या बँडसाठी स्पर्धा काढली. वशिल्याची भानगड नको म्हणून पहिल्या फेरीत चेहरे नाहीत, नावं नाहीत, पडद्यावर फक्त क्रमांक. भाच्याच्या बँडने पाच मिनिटं अठरा सेकंदांचं गाणं पाठवलं, क्रमांक एकेचाळीस. मधली जवळजवळ दोन मिनिटं एकट्या व्हायोलिनची, म्हणजे त्याची.

"मावशी, बाबांना एक अक्षर सांगायचं नाही," त्याने मला शपथ घातली.

"अरे, पण गाणं त्यांच्याकडेच जाणार ना कापायला?"

"जाऊ दे की. कापायला ऐकावं तर लागेल? माझं वाजवणं ते ओळखतात का, तेवढंच बघायचंय मला."

खरं तर तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं. ती खोली मी पाहिली होती. पण मी गप्प राहिले. शपथेचं निमित्त सोयीचं होतं. शिवाय मला वाटलं, आठ-दहा वर्षं घरात ऐकलेलं व्हायोलिन आहे, भावोजींचा हात कुठेतरी थांबेल. माझा अंदाज साफ चुकला.

शनिवारी दुपारी चारला गाणी लागायची होती. मी साडेतीनलाच ताईकडे जाऊन बसले. भाच्याने नवा शर्ट घातला होता. भावोजी चहा घेऊन आतल्या खोलीकडे निघाले तर म्हणाला, "बाबा, बसा ना थोडा वेळ."

"सुट्टीच्या दिवशीही तेच बघू होय?" म्हणत ते बसले. पण पोराने आपणहून बोलावलं म्हणून खूश झाले होते, ते कळत होतं. टीव्हीचा आवाज भाच्याने स्वतः मोठा केला.

एकेचाळीस क्रमांक आला. गाणं सुरू झालं. गाणाऱ्या मुलाचं पहिलं कडवं संपत आलं तसा भाचा पुढे सरकून बसला आणि टीव्ही सोडून बापाच्या तोंडाकडे बघायला लागला. कडवं संपलं. लगेच दुसरं कडवं सुरू झालं. मध्ये काही नव्हतं. भाचा तसाच बघत राहिला.

भावोजींनी कप खाली ठेवला आणि आमच्याकडे बघून हसले. "सांधा कळला का कुणाला? कळायचा नाही. इथे मधे दोन मिनिटं होती."

भाचा उठला आणि आत गेला. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं, त्याने ते नीट लावून घेतलं.

"याला काय झालं?" भावोजी म्हणाले.

मला राहवलं नाही. "भावोजी, त्या दोन मिनिटांत व्हायोलिन होतं ना, ते त्याचं होतं."

"कुठलं व्हायोलिन?" भावोजींनी विचारलं.

ताईने कपाळावर हात मारला. समजल्यावर भावोजींनी एकदा त्या बंद दाराकडे बघितलं. मग त्यांनी टीव्ही बंद केला.

सोमवारी ते त्यांच्या साहेबीणबाईंकडे गेले. बाई सव्वीस वर्षांच्या. पुनर्प्रक्षेपणात एकेचाळीस क्रमांक पूर्ण लावा, असं अकरा वर्षांत पहिल्यांदा भावोजींनी काही मागितलं. "शिंपीकाका, तीन-वीस म्हणजे तीन-वीस," बाई म्हणाल्या. "आणि त्या गाण्याला सगळ्यात जास्त मतं आहेत. काय सुंदर कापलंय तुम्ही!" अंतिम फेरीत बँडने तेच छोटं गाणं वाजवायचं, असंही ठरलं. गाणारा मित्र तर हरखून गेला. फोनवर भाच्याला म्हणाला, खरं सांगू, असंच जास्त छान वाटतं. भाचा "बरं" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

घरात पाच दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. बापलेक ताईच्या मार्फत मीठ मागायचे. मी भावोजींना गाठून शिकवून ठेवलं, "विचारलंच तर सांगा, ऐकलं होतं, छानच होतं, पण नियमापुढे इलाज नव्हता. पोराचं मन राहील." ताईचंही तेच मत पडलं. भावोजींनी मान हलवली.

गुरुवारी रात्री सगळे जेवायला बसलो होतो. भाच्याने ताटातून मान वर न करता विचारलं, "कापायच्या आधी ऐकलं होतं का तुम्ही?"

मी भावोजींकडे बघितलं. ताईने टेबलाखालून त्यांना पाय मारला; तो मला लागला.

"नाही," भावोजी म्हणाले. "नाही ऐकलं. मी कुठलंच ऐकत नाही. रेघा बघतो आणि कापतो."

मला त्यांचा असा राग आला! एवढं पढवलं ते सगळं वाया. भाचा घास चावत राहिला. संपवला, पाणी प्यायला.

"मग बरं," तो म्हणाला. "मला वाटलं, ऐकून कापलंत."

पाच दिवस त्या पोराच्या डोक्यात काय चाललं होतं, ते आम्हा तिघांपैकी एकालाही कळलं नव्हतं. आणि मी तर भावोजींना "ऐकलं होतं" म्हणायला शिकवत होते.

भावोजींनी हात धुतले, पुसले आणि म्हणाले, "आहे का तुझ्याकडे? लाव."

भाच्याने मोबाइल आणला, हेडफोन त्यांच्या हातात दिला आणि मधूनच सुरू केलं. एक मिनिट अठ्ठावन्न सेकंदं. भावोजींनी डोळे मिटले. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं, आम्ही त्यांचं तोंड बघत होतो. तोंडावरून काही कळेना. संपल्यावर त्यांनी बोटाने खूण केली, पुन्हा. पुन्हा ऐकलं. मग हेडफोन काढला.

"कसं आहे?" भाच्याने विचारलं.

"पहिली वीस सेकंदं जास्त आहेत," भावोजी म्हणाले.

ताईच्या तोंडून "अहो!" निघालं. भाच्याचा चेहरा उतरला, पण त्याने नजर हटवली नाही.

"आणि बाकीचं?"

"बाकीच्याला मी हात लावला नसता," भावोजी म्हणाले, आणि त्यांनी हेडफोन पुन्हा कानाला लावला.