चार्जिंगचा लाल दिवा

आमच्या मावसाजींइतका घाबरट माणूस साऱ्या सौंसर तालुक्यात झाला नाही. तालुक्याबाहेर कुणी झालाही असेल, पण तो भीतीपोटी घराबाहेरच पडला नसणार, त्यामुळे त्याची मला माहिती नाही. साप, विंचू, इन्कम टॅक्स आणि दुसऱ्यांची कुत्री यांना सगळेच भितात. मावसाजीही भीत, पण ते आपलं चारचौघांसारखं. मन लावून, खतपाणी घालून वाढवलेली त्यांची भीती एकच होती, ती म्हणजे आपल्या मोटारीची बॅटरी बसेल. सरकी-ढेपेचं दुकान, गावाबाहेर संत्र्याचा बगीचा, मूलबाळ नाही, घरात ते आणि माझी मावशी. ऐंशीच्या दशकात एवढ्याशा संसाराला मोटार लागत नसे. पण मावशीला दमा होता. एका वर्षी कापसाच्या मोसमात तिला असा दम लागला, की गावातले डॉक्टर म्हणाले, ताबडतोब नागपूरला हलवा. टॅक्सी बोलावली. ती दारापर्यंत आली, बंद झाली आणि पुन्हा चालू होईना, कारण तिची बॅटरी बसलेली. दुसरी गाडी मिळेपर्यंत मावशीची नखं निळी पडली होती. ती वाचली, पण नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं, "पुन्हा एवढा उशीर करू नका." मावसाजींनी लगेच एक जुनी काळी मोटार विकत घेतली आणि स्वतःची झोप कायमची विकून टाकली.

ही मोटार त्यांच्या घरासमोर कधीच उभी नसायची. घरापुढची जागा सपाट होती आणि सपाट जमिनीवर मावसाजींचा काडीचा विश्वास नव्हता. बॅटरी बसली तर सपाटीवर गाडी ढकलायला माणसं गोळा करावी लागतात, उतारावर देव ढकलतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मोटार दोन गल्ल्या पलीकडे, शाळेमागच्या उतारावर, चाकांना दगड लावून असायची. मी तेव्हा पांढुर्ण्याला मास्तर होतो. माझं नवं भाड्याचं घर बघायला मावसाजी आले ते घराकडे न बघता रस्त्याकडेच बघत राहिले. "घर बेस हाय रे मास्तर," ते म्हणाले, "पण तुया दारात गाडी घरंगळत नाही. मी कसा येऊ?" आणि खरोखरच त्यानंतर ते यायचे ते बसनं. पांढुर्ण्यातल्या एका लग्नाला मात्र मोटार आणली आणि ती लावली जाम नदीच्या उतारावर, तोंड पाण्याकडे करून. निघताना आम्ही सगळे आत बसलो, मावसाजींनी दगड काढायला लावले आणि गाडी नदीकडे धावत सुटली. इंजिन लागलं तेव्हा पुढची चाकं पाण्याला टेकायचीच बाकी होती. माझ्या शेजारी बसलेली नवरदेवाची आत्या डोळे मिटून मारुतीचा धावा करत होती. मी लाज सोडून तिच्या सुरात सूर मिळवला.

बॅटरीतला करंट ते जपून वापरत. हॉर्न म्हणजे उधळपट्टी. त्याऐवजी खिडकीतून डोकं काढून, "सरका वं बाई, मी हॉर्न नाही वाजवत!" असं ओरडायचे, आणि बायका सरकण्याऐवजी हा कोण बाबा म्हणून बघत उभ्या राहायच्या. मोटारीचं दार उघडलं की आतला दिवा लागायचा, म्हणून बसायला एखादी म्हातारी उशीर लावू लागली की दूध उतू चालल्यासारखे ते कळवळत, "दार लावा बापा, करंट जाऊन राहिला!" एकदा रामाकोन्याहून परतताना दिवेलागण झाली, तर पुढचे दिवे लावण्याऐवजी त्यांनी माझ्या हातात टॉर्च दिला आणि तो खिडकीबाहेर धरायला लावला. समोरून आलेल्या एसटीचा ड्रायव्हर आम्हाला सायकल समजून अंगावरच आला होता. 

पण या सगळ्यापेक्षा त्यांचा जीव खाणारी वस्तू होती ती स्टेअरिंगमागच्या पट्टीवरचा हरभऱ्याएवढा लाल दिवा. चाबी फिरवली की तो लागायचा आणि इंजिन सुरू होऊन चार्जिंग होऊ लागलं की विझायचा. चालत्या गाडीत तो लागला, तर बॅटरी भरत नाही असं समजायचं. एवढ्याशा दिव्याला तोंड देण्याची मावसाजींची छाती नव्हती. चाबी फिरवताना ते डोळे गच्च मिटून घेत. इंजिनाचा आवाज आला, वर एखादं मिनिट गेलं, की मगच उघडत. पुढे दिव्यावर नजर ठेवण्याचं काम शेजारी बसलेल्या माझं. "लागला का?" "नाही." "बराबर पाह्य." "नाही लागला, मावसाजी." हे विचारताना ते माझ्याकडे बघत आणि मी दिव्याकडे बघत असे, त्यामुळे समोरून येणाऱ्या ट्रककडे आमच्यापैकी कुणाचंच लक्ष नसायचं.

या दिव्यापायी त्यांनी जुना डायनॅमो काढून नवा आल्टरनेटर बसवून घेतला. बसवणाऱ्या मिस्त्रीनं त्यांना समजावलं, की हा आपल्या आपण जागा होत नाही. चाबी फिरवली की बॅटरीतला थोडासा करंट या लाल दिव्यातून त्याच्याकडे जातो, तेव्हा तो जागा होतो आणि मग बॅटरी भरू लागतो. मावसाजींनी हे पाठ केलं आणि त्यांना भ्यायला आणखी एक यंत्र मिळालं. रोज सकाळी मिस्त्रीच्या दुकानापुढे हजर. आल्टरनेटर फिरवणारा पट्टा ढिला तर नाही? बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं तर धरलं नाही? मिस्त्री बिचारा त्यांना पाहून मागच्या दारानं चहाला जायचा. डिक्कीत दोन पट्टे, ब्रश, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन, बॅटरीला बॅटरी जोडायच्या जाड वायरी, असं अर्धं दुकान भरलेलं. नव्हता तो फक्त त्या लाल दिव्याचा जादा बल्ब. शत्रूला कोण राखीव कुमक देतो? घरी रात्री जेवता जेवता ताट सारून उठत आणि गाडी बघून येतो म्हणून शाळेमागे जात. मावशी हसायची, हसता हसता तिला धाप लागायची, आणि ती म्हणायची, "मले एक दमा हाय. याहीले गाडीचा वेगळाच दमा हाय."

एका दिवाळीच्या सुट्टीत मी सौंसरला गेलो आणि दारातच थबकलो. मोटार घरासमोर उभी होती. सपाट जमिनीवर. चाकांना दगड नाही. मावसाजी ओट्यावर पाय पसरून संत्रं सोलत बसले होते, अंगावर जरा मांसही आलं होतं. "आता दिवा लागतच नाही, मास्तर," ते म्हणाले. "आठवडा झाला. मधात लुकलुके, तेही बंद. आल्टरनेटर मुरला आता." मलाही आनंद झाला. मावशी आतून बघत होती. 

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला दम लागला. कापूस घरोघरी येऊन पडला होता, हवेत त्याचा बारीक धुरळा होता. बघता बघता तिला वाक्य पुरं करता येईना, मग शब्दही. तिला मागच्या सीटवर माझ्या आधारानं बसवलं. मावसाजींनी डोळे मिटले, चाबी फिरवली आणि सेल्फ मारला. कट्. एवढाच आवाज. पुन्हा कट्. सपाट जमीन होती. आरशात मला मावसाजींचे डोळे अजून गच्च मिटलेले दिसले. दुकानातले हमाल धावले, गल्लीतली माणसं धावली, सगळ्यांनी मोटार ढकलत शाळेपर्यंत नेली, उतारावर एकदाची ती लागली आणि आम्ही नागपूरच्या रस्त्याला लागलो. लोधीखेड्याच्या अलीकडे इंजिन ठसकू लागलं. मग गप्प झालं. दोन्ही बाजूंना कपाशी, रस्ता अगदी सपाट, आणि मोटारीत मावशीच्या श्वासाची शिट्टी.

मला वाटलं, आता मावसाजी कोसळणार. इतकी वर्षं ज्याला भ्याले तेच पुढ्यात येऊन उभं होतं. पण ते खाली उतरले आणि बॉनेट उघडलं. पट्टा दाबून पाहिला, घट्ट होता. टर्मिनल हलवून पाहिलं, स्वच्छ होतं. परत आत बसले, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून क्षणभर थांबले, आणि मी पाहिलं, त्यांनी डोळे सताड उघडे ठेवून चाबी फिरवली. लाल दिवा लागला नाही. मरत्या बॅटरीवरही तो मिणमिणायला हवा होता.

"दिवाच नाही लागून राहिला," ते म्हणाले. "आल्टरनेटर जागा कसा होईन?" त्यांनी पट्टीच्या मागं हात घालून दिव्याचं होल्डर ओढून काढलं. ते रिकामं होतं. "बल्ब कोठी गेला?"

माझ्या खांद्यावरची मावशीची मान हलली. तिनं कमरेचा बटवा काढला. मला सोडायला लावला. लवंगा-सुपारीच्या मधे, कागदात गुंडाळलेला, तो इवलासा बल्ब होता. मिस्त्रीला होल्डर ओढताना तिनं कितीदा तरी पाहिलं होतं.

मावसाजी बघतच राहिले. "काहून वं?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"तुमी..." मावशीनं श्वास ओढला. "तुमी झोपत नोते."

मावसाजींनी बल्ब सदऱ्याला पुसला. त्यांनी बल्ब बसवला आणि ते रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले. सायकल दिसली तरी रस्ता न ओलांडणारा तो माणूस, कापसाची गाडी ओढत येणाऱ्या ट्रॅक्टरसमोर हलला नाही. ट्रॅक्टरवाल्यानं शिवी घातली, मग मोटारीत डोकावून पाहिलं आणि काही न विचारता ट्रॅक्टर शेजारी आणून लावला. डिक्कीतल्या जाड वायरींनी त्याची बॅटरी आमच्या बॅटरीला जोडली. चाबी फिरली. दिवा लाल झाला. इंजिन धडधडलं, दिवा थरथरला आणि विझला. वायरी काढल्या तरी विझलेलाच राहिला. तो विझताना मावसाजी पहिल्यांदाच बघत होते. आणि मला आठवतं, नागपूरपर्यंत त्यांनी वाटेतल्या प्रत्येक बैलगाडीला जोरजोरात हॉर्न वाजवला.

मावशीला ऑक्सिजन लागला, सलाइन लागलं, आणि पंधरवड्यानं ती त्याच मोटारीतून घरी आली. मोटार पुन्हा शाळेमागच्या उतारावर गेली, दगड चाकांखाली गेले, मावसाजींची झोपही पुन्हा उडाली. आता मावशीही त्यांच्यासोबत दिवा बघायला जायची, शतपावली म्हणून. तिनं त्यांची भीती काढायचा नाद सोडून दिला होता आणि निम्मी स्वतःकडे घेतली होती.

त्यानंतर काही वर्षांनी ती गेली. पहाटे, झोपेत, शेजारी मावसाजी असताना. दम लागला नाही, कुणाला हाक मारली नाही, नागपूर नाही, काही नाही. उतारावर सज्ज उभ्या असलेल्या मोटारीची तिला गरजच लागली नाही.

तेरवी होऊन बरेच दिवस झाल्यावर मी सौंसरला गेलो. मोटार घरासमोर सपाटीवर उभी होती आणि मावसाजी एकटेच आत बसले होते. मी शेजारच्या सीटवर जाऊन बसलो. "गाडी इथं कशी, मावसाजी?" मी विचारलं.

"उतार कायले लागते आता?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात भीतीचा मागमूस नव्हता, आणि त्या आवाजाचीच मला भीती वाटली. इतकी तर जाम नदीच्या उतारावरही वाटली नव्हती.

त्यांनी चाबी फिरवली. लाल दिवा लागला. सेल्फ मारला नाही, चाबी परत फिरवलीही नाही, नुसते दिव्याकडे बघत राहिले. मला राहवलं नाही. "मावसाजी," मी म्हणालो, "करंट जाऊन राहिला."

"जाऊ दे," ते म्हणाले.