बफ मारलेले कार्बोरेटर

दादाने बाबांची जुनी दोन सिलिंडरची मोटरसायकल चकचकीत करून आणली तेव्हा बाबांना कोण आनंद झाला! हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यापासून त्यांनी आमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. मी गाडी चालवायची, त्यांनी मागे बसायचं आणि विश्रांतवाडीच्या घरापासून आळंदी रोडने एक चक्कर मारायची. दुसरा झटका कधीही येईल असं डॉक्टर बोलून गेले होते, म्हणून मला घाई.

किक मारमारून माझी पोटरी सुजली. गाडी ढिम्म. शेवटी दोन्ही कार्बोरेटर उतरवून उघडले आणि शिसारीच आली. आमच्या दादाने, हिंजवडीतल्या आयटीच्या मोठ्या साहेबाने, कार्बोरेटरला चक्क बफ मारून घेतला होता! बाहेरून आरसा. आत पेट्रोल जायच्या प्रत्येक भोकात पॉलिशचा हिरवा साबण थापलेला, त्यावर कुजलेल्या पेट्रोलचा चिकटा. अरे, कार्बोरेटर म्हणजे काय देवघरातला तांब्या आहे घासूनपुसून ठेवायला?

अख्खा रविवार रॉकेलमध्ये हात घालून बसलो. भोकं तारेने टोकरली की मोठी होतात, म्हणून एकेक तोंडाने फुंकून मोकळं केलं. थुंकून थुंकून जीव गेला, तरी ती घाण चव जाईना. नवी पॅकिंगं टाकली, जोडलं आणि गाडी एकदाची बोलली. दोन्ही सायलेंसरच्या तोंडाशी तळवे धरून, दोन्हीकडचा धुराचा धक्का सारखा लागेपर्यंत स्क्रू फिरवत राहिलो. बाबा बूट-टोपी घालून पायरीवर तयारच होते.

तेवढ्यात दादा आला.

"अरे, बंद कर! तापून सायलेंसर निळा पडेल!" म्हणत त्याने चावीच काढून घेतली. मग कळलं. गाडी त्याच्या ऑफिसच्या रिसेप्शनमध्ये शोभेला ठेवायची होती. सकाळी टेम्पो येणार होता.

"व्हिंटेज थीम आहे रे, क्लायंट येतायत. बाबांना एसी कारमधून फिरवू की, सेम रूट!"

"आग लाव तुझ्या त्या सेम रूटला," मी म्हणालो. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पोटच्या पोराला त्यांनी पहिल्यांदाच अहोजाहो केलं.

"साहेब, मलाही घाला टेम्पोत. आपल्या रिसेप्शनला गप बसून राहीन. पुसायला तेवढा एक माणूस ठेवा."

दादा खो खो हसला. "बाबा पण ना!" म्हणाला आणि खिशातून रुमाल काढून टाकीवरचे माझ्या हातांचे डाग पुसायला लागला.