आखूड डोलकाठ्यांचं जहाज

इंटिरियर डिझायनरने मला फसवलं आणि माझं जहाज कापलं. हे आधीच लिहून ठेवतो.

हडपसरला माझं वर्कशॉप आहे. लाकडी जहाजांची मॉडेल्स बनवतो. सुतारकाम करता करता शिकलो. कापूस एक्स्पोर्ट करणाऱ्या एका कंपनीला लॉबीत व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं मालवाहू शिडाचं जहाज हवं होतं. कोणतं जहाज, ते लॉबी सजवणाऱ्या डिझायनरने निवडलं. त्या जहाजाचा इतिहास मी वाचून काढला, डिझायनरलाही सांगितला.

इंग्लंडहून कापड घेऊन मुंबईला यायचं, कापूस भरून परत जायचं. सुवेझचा कालवा झाल्यावर तो धंदा आगबोटींनी पळवला. हे जहाज कोळसा वाहू लागलं. नव्या मालकाने डोलकाठ्या, म्हणजे शिडांचे उंच खांब, आखूड करून घेतल्या. शिडं कमी, की खलाशी कमी. मग एका वादळात वारा किनाऱ्याकडे ढकलू लागला. बाहेर निघायला ना पुरेशी शिडं, ना पुरेसे हात. खडकावर फुटलं. चौकशीत कप्तान दोषी ठरला. मालकाला कुणी काही विचारलं नाही.

मॉडेल उमेदीच्या काळातलं ठरलं, उंच डोलकाठ्यांचं. माझी अट एकच: आधी जहाज, मग त्याच्या मापाची काचेची पेटी. यावर डिझायनरशी कडाक्याचं भांडलो. शेवटी तो म्हणाला, "बरं बाबा, तुमचंच खरं."

जहाज त्याच्याकडे पोचवलं. लॉबीच्या उद्घाटनाला गेलो, तर जहाज ठेंगणं. वरची शिडं गायब. पेटी त्याने आधीच बनवून ठेवली होती, माझ्या जहाजापेक्षा बुटकी.

"हे कुणी कापलं?"

"आमच्या सुताराने जरासं ट्रिम केलं. अहो, ओरिजिनलही शेवटी आखूडच झालं होतं ना? तुम्हीच सांगितलंत."

"मग आता बुडवाही. बाहेर कारंजं आहेच."

तेवढ्यात कंपनीच्या मॅनेजर मॅडम आल्या. "जहाज असं चेपल्यासारखं का दिसतंय?"

"मॉडेल यांचं आहे, मॅडम," डिझायनर म्हणाला.

खाली पितळी पाटीवर माझंच नाव होतं. मॅडमनी ते वाचलं. "तुम्ही नीट माप घेऊन काम करायला हवं होतं."

मी स्क्रू काढून पाटी खिशात घातली.

पेटी आधी बनवणाऱ्याच्या हाती जहाज देऊ नये, एवढं शिकलो. जहाजाचा मालक तेव्हा सुटला. हा सुटता कामा नये. करवत कुणाच्या हुकमाने चालली, हे त्याने त्याच लॉबीत, मॅडमसमोर उभं राहून सांगावं. तोवर पाटी माझ्याकडेच राहील.